दगड हा दगडच

या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाईन आहे. साडेदहाला येते, पहाटे साडेसहाला जाते. हरभऱ्याचे घाटे भरायच्या आतलं शेवटचं ओलित चालू आहे, म्हणून शाळेतून आलो की जेवतो, दोन तास पडतो आणि बॅटरी अन् काठी घेऊन वावरात जातो. दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात मांडायचे, नोझलमध्ये अडकलेला गाळ काडीनं काढायचा, पुन्हा मोटर सुरू करायची. मधल्या वेळात काम नसतं. रोही, म्हणजे नीलगायी, पिकात शिरू नयेत म्हणून धुऱ्यावर शेकोटी करून बसायचं आणि वर पाहायचं.

मध्यरात्र उलटली की ईशान्येला सप्तर्षी वर चढून येतात. आमच्या घरात त्यांना सप्तर्षी कोणी म्हणत नव्हतं. आमच्याकडे ती बाज होती, म्हणजे खाट. आजी म्हणायची, "हे पाय, हे चार तारे म्हंजे बुढीच्या बाजीचे चार खूर. मांगचे तीन चोर हायेत. बुढी झोपली का बाज उचलून नेऊ म्हंतेत. पन बुढी झोपतच नाही." बस, एवढीच गोष्ट. पुढे काही नाही. बुढी जागी, चोर थांबलेले, रोज रात्री तसंच.

आता मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो, त्यामुळे त्या बाजेबद्दल मला बरंच जास्त माहीत आहे. सातांपैकी मधले पाच तारे एकाच घोळक्यातले आहेत, एका दिशेनं चालले आहेत आणि आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत. उरलेले दोन, म्हणजे बाजेचा एक खूर आणि शेवटचा चोर, त्यांच्यातले नाहीत. त्यांची वाट वेगळी. त्यामुळे लाखभर वर्षांनी ही बाज अशी दिसणार नाही. चोर अखेर ती मोडूनच नेणार.

आणि ८० प्रकाशवर्षं म्हणजे काय, तर आज धुऱ्यावर बसून मला जो उजेड दिसतो तो निघाला तेव्हा आजी चौदा-पंधरा वर्षांची होती आणि नुकतीच लग्न होऊन या गावात आली होती. हा हिशेब पहिल्यांदा मनात झाला त्या रात्री मी बराच वेळ जागेवरून उठलो नाही. पाणी एकाच जागी पडत राहिलं.

हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण तसं साधं आहे. आपल्या पूर्वजांना विश्वाचं काय ज्ञान होतं आणि आजचं विज्ञान काय म्हणतं, यावर आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा भांडण झालं. एक बाजू म्हणते सगळं आधीच लिहून ठेवलेलं होतं. दुसरी म्हणते ती सगळी अडाणी माणसांची भीती होती. दोन्ही बाजूंचे लोक "पूर्वज" हा शब्द असा वापरतात जणू सगळे पूर्वज एका ओळीत बसून एकच वाक्य म्हणत होते. माझ्या एका घरात दोन पूर्वज होते आणि त्या दोघांची दोन विश्वं होती. आयुष्यभर त्यांनी एका चुलीवरचं खाल्लं, पण विश्व एक केलं नाही.

आबा, म्हणजे माझे आजोबा, माळकरी. एकादशी, हरिपाठ, गावच्या भजनात मृदंग. आजी मात्र महानुभावांच्या घरातली. तिच्या माहेरी सगळे उपदेशी, म्हणजे पंथाचा उपदेश घेतलेले, कोणी भेटलं की "दंडवत प्रणाम". तिनं आमच्या देवघरात दिवा लावला, नैवेद्याचा स्वयंपाक केला, पण हात फक्त तिच्या पंचकृष्णांना, म्हणजे तिच्या पंथाच्या पाच अवतारांना जोडले. आबांनी तिला कधी अडवलं नाही. मला लहानपणी यात काही विशेष वाटत नव्हतं. घराघरात असंच असतं अशी माझी समजूत होती.

१९८८ साली, मी सातवीत असताना, दोघं मला लोणारला घेऊन गेले. आम्ही मेहकर तालुक्यातले, लोणार काही लांब नाही, एस.टी.नं तासाभराचं. आधी धारेवर आंघोळ केली, मग पायवाटेनं खाली सरोवराकडे उतरलो. बाभळीचं रान, मोरांचे आवाज आणि सडलेल्या अंड्यासारखा वास. उतरताना आबांनी लोणासुराची गोष्ट सांगितली. तो इथं जमिनीखाली लपून राहायचा आणि वर येऊन लोकांना छळायचा. विष्णूनं दैत्यसूदनाचं रूप घेतलं, नुसत्या पायाच्या अंगठ्यानं त्याच्या घरावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. हा खड्डा म्हणजे त्याचं घर, हे पाणी म्हणजे त्याचं रक्त.

काठावर कमळजादेवीचं देऊळ आहे. आबा आत गेले, हळदकुंकू वाहिलं, आणि बाहेर येऊन सरोवराच्या पाण्यात हात बुडवले. बोटांना लागलेली हळद पाण्यानं लालभडक झाली. त्यांनी ओला तळवा माझ्यापुढे धरला. "हे पाय. रगत."

मी तो तळवा अजून विसरलेलो नाही. शेतकऱ्याचा हात, चिरांमध्ये काळं साचलेलं, आणि त्या चिरांमधून लाल ओघळ. त्या वयात याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

आजी देवळात आली नव्हती. बाहेर झाडाखाली बसून होती. परतताना मात्र तिनं आम्हाला वाट वाकडी करायला लावली. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी लोणारला येऊन राहून गेले होते, तिथल्या एका स्थानाच्या ओट्यावर तिनं डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

पुढच्या वर्षी, आठवीत, आमच्या विज्ञानाच्या सरांनी हळदीचा कागद केला. कागदावर हळदीचं पाणी फासून वाळवला आणि त्यावर धुण्याच्या सोड्याचा थेंब टाकला. लाल. मग साबणाचा थेंब. लाल. मग लिंबू. पुन्हा पिवळा. सरांनी सांगितलं, हळद आम्लारी ओळखते. आणि लोणारचं पाणी भरपूर आम्लारीयुक्त आहे. मग त्यांनी फळ्यावर खड्डा काढला, सुमारे १.८ किलोमीटर रुंद, आणि सांगितलं की हा आकाशातून आदळलेल्या दगडानं झाला.

मी धावत घरी गेलो. चहा चालू होता. मी चुलीजवळच्या सोड्यात हळद कालवून दाखवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. असुर नाही, रक्त नाही, उल्का आहे. मला वाटलं आबांना आनंद होईल. त्यांनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला. थोड्या वेळानं विचारलं, "मंग तो दगड इथीसाच काहून पडला?"

मी म्हणालो, सर म्हणाले योगायोग.

"योगायोग म्हंजे कोनाचाच नाही," आबा म्हणाले, आणि उठून गोठ्यात गेले.

मला त्या दिवशी नीट समजलं नाही की मी त्यांचं काय मोडलं. असुर खोटा निघाला याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. माणूस हुशार होता, गोष्टीला गोष्ट म्हणून ओळखत होता. पण त्यांच्या विश्वात काहीच कोणाचं नाही असं नव्हतं. ज्ञानेश्वरांचा चिद्विलास त्यांच्या रोजच्या बोलण्यात होता, तो शब्द न वापरता. जग खोटं नाही, जग म्हणजे चैतन्याचाच खेळ, म्हणून दगडातही कोणीतरी आहे, खड्ड्यालाही काही म्हणायचं आहे. लोणासुराची गोष्ट खड्ड्याला बोलतं करत होती. मी आणलेला दगड मुका होता.

आजी मात्र शांतपणे भाकरी थापत होती. तिला मी विचारलं, तुला नाही का वाईट वाटलं?

"मले काहून वाटन? दगड हा दगडच. वरून पडला काय, खालून आला काय."

यावर मी पुढची तीस-पस्तीस वर्षं विचार करतो आहे. घरात सर्वांत जुनाट कोण, असं विचारलं असतं तर मी आजीकडे बोट दाखवलं असतं. ती वर्तमानपत्र वाचत नव्हती, दवाखान्याला घाबरायची. पण उल्केची बातमी तिच्या विश्वातून अलगद निघून गेली, कुठे खरचटलंही नाही. याचं कारण तिच्या पंथात आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेल्या तत्त्वज्ञानात चार पदार्थ आहेत: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. चारही अनादी आणि चारही वेगळे. एक दुसऱ्यातून झालेला नाही, एक दुसऱ्यात विरघळत नाही. प्रपंच जड आहे. डोंगर, पाणी, दगड हे त्यातच आले. त्यांना ना इच्छा, ना राग. देवता आहेत, पुष्कळ आहेत, त्यांची आपापली ठिकाणं आहेत, त्या आपापल्या कुवतीप्रमाणे फळ देतात, पण सोडवू शकत नाहीत. सोडवणारा एकटा परमेश्वर. म्हणून लोणासुराबद्दल आजी म्हणायची, "असन बाप्पा असुर, असन दैत्यसूदन. मले त्याचं काय करायचं हाये?"

म्हणजे सातशे वर्षांहून जुनं, मराठीतच सांगितलेलं असं एक विश्व माझ्या घरात होतं, ज्यात दगडाचं मोजमाप कोणीही करावं, कितीही करावं, त्यानं श्रद्धेला धक्का लागण्याची गरजच नव्हती. आणि दुसरं विश्व होतं ज्यात दगडावर हात ठेवला तर तो थेट आबांच्या काळजावर पडत होता. मी आबांच्या विश्वाला लहान म्हणत नाही. त्यात माया जास्त होती. आबा नांगरताना ढेकळाची माफी मागायचे. पण त्याला किंमत मोजावी लागायची, आणि ती त्यांनी त्या संध्याकाळी मोजली.

मी आजीला एकदा कोंडीत पकडायचा प्रयत्न केला होता, तेही लिहितो. दगड दगडच असेल तर लोणारच्या ओट्यावर डोकं का टेकवलंस? ती म्हणाली, "दगडाले नाही टेकलं. संबंधाले टेकलं." महानुभावांमध्ये हा नेमका शब्द आहे. स्वामींच्या चरणांचा ज्याला संबंध झाला तो पाषाण वंदनीय. दगड बदलत नाही, संबंध लागतो.

पुढे बी.एस्सी. करताना मी लोणारबद्दल मिळेल ते वाचलं. आपला सगळा प्रदेश ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा, त्यामुळे हा खड्डाही ज्वालामुखीचाच असणार असं बरीच वर्षं मानलं जात होतं. मग १९७३ च्या सुमारास खणून काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडलं. प्रचंड आघात झाला की दगडातल्या खनिजाची न वितळताच काच होते, ती ही काच. ज्वालामुखीत ती होत नाही. चंद्रावरही काळ्या बेसाल्टमध्ये असे खड्डे आहेत, म्हणून चंद्राच्या अभ्यासकांनाही लोणारचं महत्त्व. वयाचा आकडा आधी सुमारे ५२ हजार वर्षं सांगितला जायचा, नंतर आर्गॉनच्या पद्धतीनं तो सुमारे ५ लाख ७० हजारांवर गेला. दहापट! काही लोक यावर म्हणतात, बघा, विज्ञान बदलतं. मला त्याच्यात विज्ञानाचा सर्वांत सुंदर भाग दिसतो. आपला आकडा चुकला असं सांगायला कोणाला अवतार घ्यावा लागला नाही.

१९९४ मध्ये आबा गेले. दहाव्याला नदीवर गुरुजींनी वडिलांच्या हातावर पाणी सोडलं आणि संकल्प सुरू केला. तो मी आधीही शंभरदा ऐकला होता, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. द्वितीये परार्धे, श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे प्रथमचरणे, भरतवर्षे, गोदावर्याः उत्तरे तीरे. ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून सुरुवात आणि नदीच्या काठापर्यंत उतरत येणारा एक पत्ता, शेवटी गोत्र आणि माणसाचं नाव. वडील रडत होते आणि गुरुजी त्यांना सांगत होते की तू नेमका कुठे उभा आहेस. सगळं आटोपल्यावर मी ते शब्द त्यांच्याकडून पुन्हा म्हणून घेतले आणि प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिले. आजी यात कुठेच नव्हती. तिच्या पंथात पिंड नाही, कावळा नाही. ती घरी भिंतीला टेकून नामस्मरण करत बसली होती.

परवाच्या ग्रुपवर याच कल्पाचा हिशेब आला होता. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी, म्हणजे ऋषींना माहीत होतं. मला राग येतो तो इथे. संकल्प मनापासून म्हणणाऱ्या माणसानं एकदा तरी त्याचा हिशेब करून बघावा. कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचं, त्याच्या दहापट महायुग, अशी हजार महायुगं म्हणजे कल्प. पण तो पूर्ण दिवस झाला. आपण त्या दिवसाच्या मध्याच्याही अलीकडे आहोत. संकल्पाप्रमाणे या कल्पाची आतापर्यंत सुमारे १९७ कोटी वर्षं सरली आहेत. म्हणजे आकडा जुळतच नाही. आणि जुळायची गरजही नव्हती. ज्यांनी हे मोजलं त्यांना माणसाच्या आयुष्याशेजारी कोटी कोटी वर्षं ठेवून बघायची छाती होती, तेवढी मला नमस्काराला पुरते. त्यांच्या तोंडात आजच्या प्रयोगशाळेचे आकडे कोंबणं हा त्यांचा मान नव्हे.

खरं जुळतं ते वेगळ्याच ठिकाणी. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये लिहिलं की नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. हे मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि पैनगंगेच्या पुराची आठवण करून देतो. इथे कोडी नाहीत, ओढाताण नाही. एका माणसानं पाहिलं आणि स्वच्छ सांगितलं. त्याच्या नंतरच्या अनेक पंडितांना ते पटलं नाही, हेही सांगतो.

एक गोष्ट मात्र मी विज्ञानाच्या तासाला सांगत नाही, इथे सांगतो. मी माझा एक संकल्प केला आहे. मोटरीचं बटण दाबण्याआधी मनात म्हणतो. १३८० कोटी वर्षांच्या या विश्वात, आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, मृगाच्या भुजेत, सूर्याच्या तिसऱ्या ग्रहावर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्ह्याच्या दगडावर, त्याच दगडाच्या काळ्या मातीत, पैनगंगेच्या खोऱ्यात, गोदावरीच्या उत्तरेला, मी, माझ्या आबांचा नातू, हरभऱ्याला पाणी देत आहे.

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा अंगावर काटा आला. त्यातला एकही आकडा मला कोणी श्रद्धेनं मान म्हणून सांगितलेला नाही. आणि तरी म्हणून झालं की मी एकटा उरत नाही. लाव्ह्याचा दगड झिजला, माती झाली, मातीत हरभरा आला, तो आम्ही खाल्ला. आबांचा प्रश्न होता की तो दगड कोणाचा. आता ते असते तर मी योगायोग म्हणून थांबलो नसतो. त्यांना माती हातात घेऊन दाखवली असती. त्यांचं समाधान झालं असतं असं नाही. ते चिकट होते.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्या गावात पुन्हा रक्ताची चर्चा झाली. पाणी आटलं, खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग. मी हे पारावर सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे जित्तं हाये ते?" मी म्हणालो हो, जिवंत आहे. तिनं सरोवराच्या दिशेला हात जोडले. मी काही बोललो नाही. आबा असते तर बशी खाली ठेवली नसती, असं मात्र वाटून गेलं.

काल शनिवार, म्हणून माझी नववीतली मुलगी हट्टानं वावरात आली होती. शाल गुंडाळून शेकोटीजवळ बसली. तिला मी मधल्या चोराजवळचा बारीक तारा दाखवला, अरुंधती. तिला तो लगेच दिसला, मला हल्ली चष्मा पुसून पाहावं लागतं. मग पणजीची बाज सांगितली, चार खूर, तीन चोर. ती बराच वेळ पाहत होती.

"पप्पा, बाज दिसते. चोर दिसतात. मग बुढी कुठं आहे?"

पन्नाशीला आलो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. बाज रिकामी आहे. चार ताऱ्यांच्या मधे अंधार आहे, तिथे कोणी नाही. आणि गोष्टीत तर बुढी जागी असते म्हणून चोर थांबलेले असतात.

"आजीनं सांगितलं नाही," मी म्हणालो.

"पण ती झोपत नाही ना?"

"नाही झोपत."

ती पुन्हा वर पाहायला लागली. दोन वाजत आले होते. मी मोटर बंद केली, तिच्या हातात बॅटरी दिली, आणि आम्ही दोघांनी पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात नेले.